डेटा ॲनालिस्टच्या मुलाखतीत नेमके काय बिनसले?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, कारण माझे उत्तर त्यातल्या तपशिलांवरच बेतलेले आहे. तुम्ही संख्याशास्त्राचे पदवीधर आहात, पुण्यात 2 वर्षे एमआयएस एक्झिक्युटिव्ह (कंपनीचे नियमित अहवाल आणि तक्ते तयार करणारा) म्हणून काम करत आहात आणि घरगुती वस्तू ऑनलाइन विकणाऱ्या एका कंपनीत डेटा ॲनालिस्टच्या जागेसाठी तुम्ही अर्ज केला होता. एचआरचा फोन, ऑनलाइन चाचणी, शनिवार-रविवार खाऊन टाकणारी असाइनमेंट, एसक्यूएलची (डेटाबेसमधून माहिती काढण्याच्या भाषेची) फेरी आणि शेवटी व्यवस्थापकाबरोबर केस राउंड (धंद्यातली एखादी अडचण तोंडी सोडवायला देणारी फेरी), असे 5 टप्पे झाले. व्यवस्थापक 25 मिनिटे उशिरा आले, कॅमेरा बंद ठेवून बोलले, तुमची असाइनमेंट त्यांनी उघडूनही पाहिली नव्हती, मध्येच 25 घोड्यांचे कोडे घातले, विक्री का घटली असेल असे विचारले आणि तुमचे उत्तर अर्ध्यावर तोडले. मग 3 आठवडे काहीच कळले नाही, त्यानंतर ठरावीक मजकुराचा नकाराचा ईमेल आला आणि 4 दिवसांत तीच जाहिरात पुन्हा झळकली. आपले काय चुकले, असाइनमेंट फुकटात वापरून घेतली असेल का, आणि हे क्षेत्र आपल्यासाठी नाहीच असे समजावे का, असे तुम्ही विचारले आहे.

पुण्यातल्या कंपन्यांत ॲनालिस्टची भरती करण्याचे काम मी अनेक वर्षे करतो आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला काय चालते हे सांगू शकतो. माझे मत असे की ती प्रक्रिया वाईटच होती, आणि तरीही तुमची 2 उत्तरे कच्ची होती. या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासायला हव्यात. प्रक्रिया वाईट होती म्हणून आपली उत्तरे बरोबर ठरत नाहीत आणि उत्तरे कच्ची होती म्हणून नकार त्यामुळेच आला असेही ठरत नाही. नाराज उमेदवार बहुतेक वेळा या दोहोंपैकी एकच टोक धरून बसतो, आणि मग पुढच्या मुलाखतीच्या तयारीला त्याचा काहीच उपयोग होत नाही.

सुरुवात जाहिरातीपासून करू. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात एक्सेल, एसक्यूएल, पायथॉन, पॉवर बीआय, टॅब्लो, स्पार्क, मशीन लर्निंग आणि 'उत्तम संवादकौशल्य' हे सगळे एका दमात मागितले आहे, अनुभव मात्र 1 ते 3 वर्षे. ही जाहिरात कोणीतरी दोन-तीन जुन्या जाहिराती एकत्र करून लिहिली आहे, हे उघड आहे. डेटा ॲनालिस्ट या नावाखाली आज निदान तीन वेगळी कामे चालतात. पहिले काम अहवालांचे: रोजचे आकडे गोळा करणे, डॅशबोर्ड सांभाळणे, विभागप्रमुखाला सकाळच्या बैठकीआधी तक्ता पोहोचवणे. दुसरे काम उत्पादनाशी आणि ग्राहकाच्या वागण्याशी जोडलेले: ग्राहक कोणत्या पायरीवर गळतो, नवीन पानाची ए/बी चाचणी (काही ग्राहकांना जुने, काहींना नवे पान दाखवून केलेली तुलना) यशस्वी झाली का, सवलत दिल्याने विक्री वाढली की तीच विक्री थोडी आधी झाली. तिसरे काम खरे तर डेटा इंजिनिअरचे, म्हणजे डेटा साठवण्याची आणि पोहोचवण्याची यंत्रणा उभारणाऱ्याचे असते, पण त्या पदाचा पगार द्यायचा नसतो म्हणून नाव ॲनालिस्टचे ठेवलेले असते. यांपैकी नेमके कोणते काम आहे हे कंपनीने स्वतःशी ठरवले नसेल, तर प्रत्येक मुलाखतकार आपापल्या मनातला वेगळा माणूस शोधत बसतो. तुमच्या एसक्यूएलच्या फेरीतल्या गृहस्थांना दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारचा माणूस हवा होता. व्यवस्थापकांना धंद्याची नाडी ओळखणारा हवा होता. ऑनलाइन चाचणी तर एखाद्या तयार प्रश्नसंचातून उचललेली दिसते. या तिघांची बैठक होऊन एकमत झाले असेल असे मला वाटत नाही.

हे शोधण्याची जागा म्हणजे एचआरचा पहिला फोन. त्या फोनवर बहुतेक उमेदवार सध्याचा सीटीसी (कंपनीला पडणारा वार्षिक पगारखर्च), अपेक्षित सीटीसी आणि नोटीस पीरियड एवढेच सांगून मोकळे होतात. तुम्ही तीन गोष्टी विचारायला हव्यात: माझे काम रोज कोण वाचणार आणि त्यावरून कोणता निर्णय घेणार; आकडे कुठे आहेत, एखाद्या डेटा वेअरहाऊसमध्ये (सगळा डेटा एकत्र साठवणाऱ्या यंत्रणेत) की वेगवेगळ्या लोकांच्या एक्सेल फायलींमध्ये; आणि ही जागा नवीन आहे की कोणी सोडून गेल्यामुळे रिकामी झाली आहे, तिला मंजुरी मिळाली आहे का. एचआरला पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ठाऊक नसतील तर त्यात त्यांचा दोष नाही, पण 'व्यवस्थापकांना विचारून कळवतो' असे म्हणून ते कळवतात की नाही, यावरूनच पुढच्या सगळ्या प्रक्रियेचा अंदाज येतो.

आता त्या 3 आठवड्यांच्या शांततेबद्दल. उमेदवाराला ती स्वतःच्या लायकीवरची टिप्पणी वाटते. आत बसून पाहिले तर तिची कारणे बहुधा रुक्ष असतात. आपल्याकडे अनेक कंपन्यांत नोटीस पीरियड 90 दिवसांचा असतो. ज्याला ऑफर दिली तो माणूस ते 90 दिवस काढत असताना दुसरीकडची ऑफर मिळवतो आणि रुजू होण्याच्या आदल्या आठवड्यात नकार कळवतो, हे इतके नेहमीचे झाले आहे की एचआर दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला मुद्दाम ना होकार, ना नकार अशा अवस्थेत ठेवते. शिवाय जागेची मंजुरी परदेशातल्या मुख्यालयातून येत असेल, तर तिमाही बदलताच ती गोठवली जाते आणि नंतर नव्या क्रमांकाने पुन्हा उघडते. पोर्टलवरची जाहिरात तर पुष्कळदा आपोआप नव्याने वर येते. तिच्यामागे माणसाचा निर्णय असतोच असे नाही. तुमच्या बाबतीत यांपैकी काय घडले हे बाहेरून सांगता येणार नाही, पण जो उमेदवार सरळ नापास होतो त्याला नकाराचा ईमेल साधारणपणे लवकर येतो. 3 आठवडे लागले, म्हणजे तुमचे नाव कुठेतरी राखून ठेवले होते असे मानायला जागा आहे. अर्थात, त्यामुळे न कळवणे सभ्य ठरत नाही. दोन ओळींचा खरा ईमेल लिहायला 5 मिनिटे लागतात.

कोड्याचा विषय थोडक्यात संपवतो. 25 घोडे, 5 घोड्यांची एक शर्यत, कमीत कमी किती शर्यतींत पहिले 3 कोणते ते कळेल, हे कोडे जगभर इतक्यांनी पाठ केले आहे की त्यातून फक्त कोणी पाठ केले आहे एवढेच कळते. अशा कोड्यांसाठी एके काळी प्रसिद्ध असलेल्या गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लाझलो बॉक यांनी 2013 साली जाहीरपणे सांगितले की अशी कोडी घालणे हा वेळेचा अपव्यय आहे. भरतीच्या पद्धतींवरच्या अनेक दशकांच्या अभ्यासांचे पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 साली जे फेरमूल्यमापन केले, त्यात सर्वांना तेच प्रश्न आणि गुणदानाचे ठरलेले निकष असलेल्या मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी सहसंबंध (1 च्या जितका जवळ, तितका अंदाज भरवशाचा) 0.42 निघाला, तर मनाला येईल ते विचारणाऱ्या मुलाखतीचा 0.19. तुम्ही संख्याशास्त्राचे आहात, तेव्हा या दोन आकड्यांतला फरक तुम्हाला समजावण्याची गरज नाही. तुमची शेवटची फेरी दुसऱ्या प्रकारातली होती. तिच्यावरून स्वतःची किंमत ठरवणे म्हणजे फार गोंगाट, म्हणजे योगायोगाची भेसळ, असलेल्या मापावर विश्वास ठेवणे होय.

मात्र एसक्यूएलची फेरी या सबबीखाली सुटत नाही. गेल्या 90 दिवसांत एकही ऑर्डर न दिलेले ग्राहक शोधा, असा प्रश्न होता. तुम्ही ग्राहकांच्या टेबलाला ऑर्डरचे टेबल लेफ्ट जॉइनने (ऑर्डर नसलेले ग्राहकही राखणाऱ्या जोडणीने) जोडले, इथपर्यंत ठीक. पण 'ऑर्डरची तारीख गेल्या 90 दिवसांतली' ही अट तुम्ही व्हेअरमध्ये (जोडल्यानंतर ओळी गाळणाऱ्या भागात) घातली आणि तिच्या जोडीला 'ऑर्डर आयडी इज नल' (म्हणजे रिकामा आहे) हेही तिथेच लिहिले. या क्वेरीतून (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातून) एकही ओळ बाहेर येणार नाही. ज्या ग्राहकाची ऑर्डरच नाही, त्याच्या ओळीत तारीख नल असते. नलची कोणत्याही तारखेशी तुलना 'खरे' ठरत नाही, म्हणून तो व्हेअरमध्ये गळतो. ज्याची ऑर्डर आहे, त्याचा ऑर्डर आयडी नल नसतो, म्हणून तोही गळतो. तारखेची अट ऑनमध्ये, म्हणजे जोडतानाच घालायची आणि व्हेअरमध्ये फक्त नलची तपासणी ठेवायची, एवढाच बदल हवा होता. नॉट एक्झिस्ट्स ('अशी ऑर्डरच नाही' ही अट) वापरले असते तर आणखी सरळ झाले असते. नॉट इन ('या यादीत नाही' ही अट) मात्र टाळा: ऑर्डरच्या टेबलात लॉगिन न करता केलेली, ग्राहक आयडी नल असलेली एक जरी ऑर्डर आली तरी सगळा निकाल रिकामा येतो, आणि ऑनलाइन विक्रीच्या कंपनीत अशा ऑर्डर असतातच.

मुलाखतकार 'चूक' एवढेच म्हणून पुढे गेले, याचे तुम्हाला वाईट वाटले. एक इशारा त्यांना देता आला असता. पण चूक तुम्हाला स्वतःला पकडता आली असती, आणि मी मुलाखत घेताना नेमके तेच पाहतो. क्वेरी लिहून झाली की तीन ग्राहक मनात धरायचे: एकाची ऑर्डर गेल्या महिन्यातली, एकाची वर्षभरापूर्वीची, एकाची मुळीच नाही. प्रत्येकाला क्वेरीतून मोठ्याने बोलत चालवायचे. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. तुमच्या क्वेरीत तिघेही गळतात हे त्यातून लगेच दिसले असते आणि तुम्ही स्वतःच ती दुरुस्त केली असती. पहिल्या फटक्यात अचूक लिहिणाऱ्या उमेदवारापेक्षा अशा रीतीने स्वतःचे काम तपासणारा उमेदवार मला अधिक पसंत असतो, कारण कामावर रुजू झाल्यावर उत्तर बरोबर आहे की नाही हे सांगायला शेजारी कोणी बसलेले नसते.

आता केसचा प्रश्न, कारण माझ्या मते मुलाखतीतला खरा ऐवज तिथे होता आणि तो दोन्ही बाजूंनी वाया गेला. व्यवस्थापकांनी विचारले, '2023 च्या ऑक्टोबरमधली विक्री 2022 च्या ऑक्टोबरपेक्षा 18 टक्क्यांनी कमी आहे, कारण काय असेल?' तुम्ही प्रतिस्पर्धी, जाहिरातींवरचा खर्च, किमती, वेबसाइटचा वेग अशी कारणे एकामागून एक सांगत गेलात आणि त्यांनी तोडले. त्यांचे तोडणे उद्धट होते. पण ही कारणांची यादी कोणत्याही कंपनीला, कोणत्याही महिन्यासाठी लागू पडली असती, हेही खरे. प्रश्नात दोन वर्षे आणि एक महिना दिला होता. तिथे थांबायला हवे होते.

असा प्रश्न आला की आधी आकडाच तपासायचा. विक्री म्हणजे नोंदवलेल्या ऑर्डर की रद्द झालेल्या व परत आलेल्या वस्तू वजा करून उरलेली रक्कम, दोन्ही वर्षी व्याख्या तीच होती का, महिन्याचा डेटा पूर्ण आला आहे का, हे विचारायचे. त्यानंतर पंचांग. 2022 साली लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होते, म्हणजे दिवाळीची जवळजवळ सगळी खरेदी ऑक्टोबरमध्ये झाली. 2023 साली अधिक श्रावण आला आणि पुढचे सगळे सण लांबले. लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला आले, त्यामुळे खरेदीचा मोठा भाग नोव्हेंबरमध्ये सरकला. त्यातही एक बारीक गोष्ट आहे. 2022 चा पितृपक्ष 25 सप्टेंबरलाच संपला होता, तर 2023 मध्ये सर्वपित्री अमावास्या 14 ऑक्टोबरला होती. नवीन वस्तू पितृपक्षात घरात आणायची नाही असे मानणारी घरे आपल्याकडे कमी नाहीत, आणि मिक्सर, कुकर, फर्निचर हीच तर त्या कंपनीची विक्री. म्हणजे 2023 चा ऑक्टोबर दोन्ही टोकांना आखडला होता. तेव्हा ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलनाच गैरलागू आहे. लक्ष्मीपूजनाचा दिवस शून्य धरून त्याआधीचे 45 दिवस दोन्ही वर्षी समोरासमोर ठेवून पाहायला हवे, असे तुम्ही म्हणाला असतात तर समोरचा माणूस कॅमेरा सुरू करून सरळ बसला असता, असे मला वाटते.

त्यानंतरही घट उरलीच तर ती फोडायची: ऑर्डरची संख्या घटली की प्रत्येक ऑर्डरची सरासरी रक्कम, नवे ग्राहक कमी झाले की जुने, सगळ्या शहरांत की काहींतच, सगळ्या प्रकारच्या वस्तूंत की एकाच. तुम्ही सांगितलेली कारणे अशी फोड केल्यानंतर कामाची ठरतात. 'पुण्यात आणि नाशिकमध्ये फर्निचरच्या नव्या ग्राहकांची संख्या घटली' इथपर्यंत पोहोचल्यावर प्रतिस्पर्धी किंवा जाहिरातखर्च यांच्याविषयी बोलण्याला आधार मिळतो. सणांचा हा मुद्दा एमआयएसमध्ये 2 वर्षे महिनेवारी तक्ते करणाऱ्या तुमच्यासारख्यांना सहज सुचायला हवा, कारण तुमच्या तक्त्यांतही हा खड्डा दिसलेला असणार. कामात जे रोज पाहतो ते मुलाखतीत आठवत नाही, ही अडचण मला तयारीपेक्षा सवयीची वाटते. मित्राला समोर बसवून अशी चार-पाच उदाहरणे तोंडी सोडवलीत तर ती बरीच कमी होईल.

असाइनमेंट वापरून घेतली असेल का? 3 महिन्यांच्या ऑर्डरची फाइल देऊन ग्राहकांचे गट पाडा आणि शिफारशी द्या, असे काम होते. तुमचा अहवाल कोणी जसाच्या तसा वापरला असण्याची शक्यता मला कमी वाटते, कारण व्यवस्थापकांनी तो उघडलाच नव्हता. दुर्लक्ष झाले, चोरी बहुधा नाही. कायद्याने पाहिले तर, कॉपीराइट अधिनियम 1957 च्या कलम 17 नुसार लेखनाचा पहिला हक्क ते लिहिणाऱ्याचा असतो. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाला अपवाद आहे, पण उमेदवार हा नोकर नसतो, आणि कलम 19 प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी व सहीनिशी द्यावा लागतो. मात्र कॉपीराइट मांडणीला आणि मजकुराला असतो, कल्पनेला नसतो, त्यामुळे 'तुम्ही माझी ग्राहकगटांची कल्पना घेतली' असे म्हणून हाती काही लागत नाही. व्यवहारात यापुढे एवढे करा: असाइनमेंट घेण्याआधी तिला किती तास अपेक्षित आहेत आणि ती कोण तपासणार हे ईमेलवर विचारा; 3-4 तासांपलीकडचे काम असेल तर 'यातला पहिला भाग पूर्ण करतो, उरलेल्याची दिशा लिहून देतो' असे सांगा; आणि एक्सेलची किंवा पायथॉनची मूळ फाइल न देता पीडीएफ द्या, सूत्रे मुलाखतीत स्क्रीन शेअर करून दाखवा. शहाणे मुलाखतकार याला हरकत घेत नाहीत. असाइनमेंटमध्ये ग्राहकांची खरी नावे आणि फोन नंबर दिसले, तर मात्र ती फाइल परत करा आणि कारण सांगा. जी कंपनी उमेदवारांना असा डेटा वाटते तिथे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम 2023 कोणी वाचलेला नाही, हे स्पष्ट होते.

तुम्ही सहज उल्लेख केलात की ऑफर मिळण्याआधीच त्यांनी 3 महिन्यांच्या पगाराच्या स्लिप, पॅन आणि आधार मागून घेतले. पगाराच्या स्लिपवरून आपली मागणी आवळली जाते, हे तर आहेच. पण आधार आणि पॅन निवड होण्याआधी देण्याचे काहीच कारण नाही. पार्श्वभूमीची पडताळणी ऑफरनंतर होते, तेव्हा द्या, आणि आधार देताना पहिले 8 अंक झाकलेले मास्क्ड आधार द्या.

हे क्षेत्र सोडावे का, याचे उत्तर एका मुलाखतीवरून देता येत नाही, आणि तुमच्या मजकुरावरून तर मुळीच नाही. तुमच्या बायोडेटात मात्र एक गोष्ट बदलण्यासारखी आहे. प्रकल्प म्हणून तुम्ही टायटॅनिकच्या प्रवाशांचा आणि टॅब्लोबरोबर येणाऱ्या सुपरस्टोअरच्या नमुना डेटाचा उल्लेख केला आहे. हे दोन्ही मी इतक्या बायोडेटांत पाहिले आहेत की आता डोळा त्यांवर थांबत नाही. त्याऐवजी ॲगमार्कनेट या शेतमालाचे बाजारभाव देणाऱ्या सरकारी संकेतस्थळावरचे लासलगावच्या कांद्याचे रोजचे भाव घ्या. आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव तिथे मिळतात, आणि तो डेटा खराखुरा अडचणीचा आहे: बाजार बंद असलेल्या दिवसांच्या ओळीच नसतात, त्या शून्य धरल्या की सरासरी कोसळते, अनेक बाजार समित्यांचा मिळून भाव काढताना आवकेचे वजन दिले नाही तर 50 क्विंटल आणि 15,000 क्विंटल आवकेच्या बाजाराला सारखेच महत्त्व मिळते, लाल आणि उन्हाळी कांदा एकत्र केला तर हंगाम बदलताना भाव उगाच उडी मारल्यासारखा दिसतो. यांपैकी एका अडचणीवर तुम्ही काय निर्णय घेतला आणि का, हे दोन परिच्छेदांत लिहिलेत, तरी मी अशा उमेदवाराला भेटायला बोलावेन. मुलाखतीत बोलायला स्वतःचे काही हाताशी असले की केस राउंडमध्ये कारणांची यादी म्हणून दाखवण्याची वेळ येत नाही.

राहिली त्या कंपनीला उत्तर देण्याची गोष्ट. 'फीडबॅक द्यावा' अशा मोघम विनंतीला उत्तर येत नाही, कारण ते लिहिताना एचआरला वादाची धास्ती वाटते. एकच, नेमका प्रश्न विचारा: 'एसक्यूएलच्या फेरीत तारखेची अट चुकीच्या जागी घातल्याचे नंतर माझ्या लक्षात आले. त्याखेरीज व्यवसायाविषयीच्या चर्चेत आपल्याला काय अपेक्षित होते, हे एका ओळीत कळवल्यास आभारी राहीन.' उशीर, कॅमेरा, कोडे यांबद्दलची तक्रार याच ईमेलमध्ये घालू नका. ती लिहायचीच असेल तर स्वतंत्र आणि एचआरला लिहा. पुन्हा निघालेल्या जाहिरातीला अर्ज करायला कमीपणा मानू नका, पण त्याआधी फोन करून विचारा की जागा तीच आहे की वेगळी, व्यवस्थापक तेच आहेत का, आणि झालेल्या फेऱ्या पुन्हा द्याव्या लागतील का. सगळे पहिल्यापासून करावे लागेल असे म्हणाले, तर नवी असाइनमेंट स्वीकारू नका. आधीचीच तपासून तिच्यावर चर्चा करा असे सुचवा, आणि त्यालाही नकार मिळाला तर ती जागा सोडून द्या.